डोक्यावरचं तळं

मानेवर थेंब पडला तेव्हा ती उंबऱ्यातच होती. एक पाय आत, एक बाहेर, हातात नुकतीच काढलेली चप्पल. थेंब बारीकसाच. केसांच्या मुळाशी टेकला, विचार केल्यासारखा जरासा थांबला आणि मग पाठीच्या पन्हळीतून सरळ खाली उतरला. तो कमरेपर्यंत पोचायच्या आत तिचं सगळं करून झालं होतं. इमारतीच्या सेक्रेटरींना तोंड दाखवून झालं, पूर्वीच्या साहेबांच्या ऑफिसातल्या जुन्या खुर्चीवर परत जाऊन बसून झालं, काही संबंध नसताना नवऱ्याला ‘झालं तुझ्या मनासारखं?’ असं टोचून बोलूनही झालं. मग तिनं वर पाहिलं. दारावरचं छत कोरडं ठणठणीत होतं.

‘‘अगं बाई, तुमच्यावर उडालं वाटतं!’’ आतून शिवणबाईंचा आवाज आला. इस्त्रीच्या फळीवर सुती अस्तर पसरून त्या वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवत होत्या आणि कुणाला तरी आशीर्वाद द्यावा तसं दाराच्या बाजूला शिंपडत होत्या. ‘‘या ना ताई, आत या. अशा काय उभ्या राहिलात, भूत बघितल्यासारख्या?’’

‘‘काही नाही. वाटलं, वरून आलं.’’

‘‘वरून?’’ शिवणबाई हसल्या ते दोन्ही खांदे हलवून. ‘‘तुम्हीच असं म्हणायला लागलात तर आमच्यासारख्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?’’

तीही हसली. हसताना पाठीतला ओघळ गार लागत होता. आपली गंमत आपल्यालाच कळली की ती जरा सावकाश ओसरते, तसं काहीतरी झालं. आणि ते ओसरतंय तोवर तिला टेबल दिसलं.

शिवणबाईंचं कापायचं टेबल नेहमी आतल्या कोपऱ्यात असायचं, कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात, भर दुपारी दिवा लावावा लागेल अशा जागी. कारण खोलीतली खरी उजेडाची जागा, खिडकीसमोरची, दरवर्षी गळायची. त्या जागेवरच्या छतावर तपकिरी कडांचा एक डाग होता, वर्षावर्षानं ऐसपैस झालेला, मध्ये पोट सुटलेलं आणि एका बाजूला पाय पसरलेला. शिवणबाई त्याला जावईबापू म्हणायच्या. ‘‘येतात न सांगता, जातात मनाला येईल तेव्हा, आणि घरातली सगळ्यात चांगली जागा त्यांनाच द्यावी लागते,’’ असं त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं, आणि ती गच्चीचं माप घ्यायचं विसरून हसत बसली होती. आज ते टेबल खिडकीसमोर आलं होतं. बरोबर जावईबापूंच्या पोटाखाली. आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं रेशीम पसरलं होतं, इतकं पांढरं की छतावरसुद्धा त्याचा उजेड पडला होता.

‘‘हे... हे इथं का मांडलंत?’’

‘‘मग कुठं मांडू? लग्नाचा पोशाख आहे एका मुलीचा. असलं कापड अंधारात कापायचं नसतं. इतकी वर्षं अंधारात कापून डोळ्यांची काय दशा झालीय बघा. म्हटलं, आता गच्चीचं काम झालंय, आणा टेबल उजेडात. शेजारच्या दोघांना बोलावून सरकवून घेतलं सकाळी.’’

‘‘पण अजून बघायचंय ना. गळतंय का बघायला पाणी भरलंय वर. उद्या सकाळी सेक्रेटरी येणार, खालून छत बघणार, आणि मगच काम झालं म्हणायचं.’’

‘‘ते तुमचं कागदावरचं. तुम्ही मला म्हणालात ना, बाई, आता नाही गळणार?’’

म्हणाली होती. परवा जिन्यात, हात पुसत, घाईत. चहा चांगला झालाय म्हणावं तितक्या सहज म्हणाली होती. आणि त्या एवढ्याशा वाक्यावर या बाईनं टेबल सरकवलं होतं आणि परक्या मुलीचं रेशीम अंथरलं होतं. रेशमावर थेंब पडला तर डाग उठतो आणि पुसायला जावं तर पसरतो, हे शिवणबाईंनीच तिला सांगितलेलं. वीस-बावीस वर्षं ती लोकांच्या गच्च्यांवर काम करत होती. लोकांनी तिच्या कामावर शंका घेतली होती, उपकार केल्यासारखी मान डोलावली होती, क्वचित मिठाईही दिली होती. पण तिच्या शब्दाखाली असं काही उघडं करून ठेवलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. भरल्या विहिरीत डोकावल्यासारखं तिला झालं.

‘‘बसा तुम्ही,’’ शिवणबाई पदर खोचत म्हणाल्या. ‘‘मी खाली जाऊन दोऱ्याची छटा जुळवून आणते. पांढऱ्यात पांढरं ओळखता येत नाही पोरांना दुकानात, आपल्यालाच जावं लागतं. आल्यावर कात्री लावायची. सकाळपासून धीर होत नाही बघा. एकदा कात्री चालली की चालली, परक्याचं कापड.’’ आणि दार ओढून त्या गेल्याही. ती, रेशीम आणि वर जावईबापू.

ती स्टुलावर बसली. मग तिथून मान दुखायला लागली तशी सरळ फरशीवर आडवी झाली, टेबलाच्या शेजारी, हात पोटावर घेऊन. असं आडवं होऊन छत बघायची सवय जुनी होती. साहेब म्हणायचे, उभ्यानं छत बघणारा माणूस छत बघत नाही, आपली मान बघतो. साहेबांचं असं पुष्कळ काही तिच्यात मुरलं होतं. त्यांच्याकडे ती लागली होती ती चहापाण्याच्या, फोन उचलायच्या कामावर; मग सामान मोजायला गच्चीवर गेली, मग एकदा गवंडी आला नाही म्हणून स्वतःच ब्रश मारून बघितला, आणि मग तिला कुणी परत खाली पाठवलं नाही. शाळेत काही ती हे शिकली नव्हती. ती शिकली साहेबांच्या अंगठ्याकडे बघून. पाणी अडवणाऱ्या लेपाच्या वाळलेल्या थरावर ते अंगठा टेकवायचे, डोळे मिटायचे, जरा दाबायचे, आणि मग ‘हं’ म्हणायचे. मागं कामगार त्यांना अंगठाबहाद्दर म्हणायचे, एवढे शिकलेले साहेब असून. ‘हं’ आलं की दुसरा हात मारायचा. ‘हं’ आलं नाही की खरवडायचं. इतकी वर्षं तिच्या हातून झालेल्या प्रत्येक पहिल्या थरानंतर एक शांतता यायची आणि त्या शांततेच्या शेवटी तो ‘हं’ असायचा, जेवणाच्या शेवटी पाणी असावं तसा.

मग साहेबांचे हात कापायला लागले आणि त्यांचा मुलगा आला. मुलगा वाईट नव्हता. त्यानं ओल मोजायचं सुईचं यंत्र आणलं आणि सगळ्यांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. ‘‘ताई, आता पगार नाही. कामागणिक. तुम्ही स्वतंत्र. काम तेच, माणसं तीच, फक्त तुम्ही आमच्या नोकर नाही.’’ हे त्यानं बक्षीस दिल्यासारखं सांगितलं. ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, ‘‘स्वतंत्रच व्हायचं तर मग त्यांच्यासाठी कशाला?’’ नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला, ‘‘बरोबर आहे. पण विचार कर. मालक तू, नोकरही तूच. मग रागवायचं कुणी आणि रुसायचं कुणी?’’ सासूबाई आतून म्हणाल्या, ‘‘लोकांच्या गच्च्या करते, मोरीतला नळ महिनाभर ठिबकतोय तो दिसत नाही.’’ नळ ठिबकत होता हे खरं होतं. दिव्याखाली अंधार, तसा गळतीवालीच्या घरी नळ. तरी तिनं कार्ड छापून घेतलं. मुलीनं विचारलं, तुझ्या नावाखाली काय लिहायचं? मालकीण म्हणवेना, कंत्राटदार म्हटलं की मिशीवाला माणूस डोळ्यांसमोर येई. शेवटी नुसतं ‘गच्ची व गळतीची कामे’ असं लिहिलं. साहेब निरोपाच्या दिवशी एवढंच म्हणाले, ‘‘तुझी खुर्ची आहे तशी राहील.’’ मायेनंच म्हणाले. पण माया अशी की पाठीमागं दार उघडं ठेवतात आणि वाऱ्यानं मान आखडते.

छत शांत होतं. डागाच्या कडा कालच्यासारख्याच, वाळलेल्या चहासारख्या. ती बघत राहिली आणि बघता बघता तिला छत दिसेनासं झालं, त्याच्यावरचं पाणी दिसायला लागलं. काल संध्याकाळी तिनं स्वतः भरलं होतं. गच्चीच्या दारात सिमेंटचा छोटा बांध घातला, पाणी जायच्या पाइपाच्या तोंडात बोळा कोंबला (त्यासाठीच्या चिंध्यासुद्धा शिवणबाईंच्याच, त्यात कुणाच्या तरी झग्याची सोनेरी किनार होती), आणि नळी सोडली. घोटाभर पाणी. आकडेमोड तिला पाठ होती. ही खोली तशी मोठी नाही, पण एवढ्या खोलीवरचं घोटाभर पाणी म्हणजे वजनानं माणसांनी भरलेली एक अख्खी मोटार. टेबलावर, रेशमावर, तिच्या पोटावर ठेवलेल्या हातांवर, वीतभर जाडीच्या स्लॅबपलीकडे एक मोटार उभी होती, आवाज न करता. पलीकडच्या खोलीवर दुसरी. शेजाऱ्यांच्या घरावर तिसरी. लोक खाली भात चढवत होते, पोरांना दटावत होते, दुपारची झोप काढत होते, आणि त्यांच्या डोक्यावर तळं होतं, आणि ते कुणाला ठाऊकही नव्हतं.

सकाळी ती एकटीच वर गेली होती. दार उघडलं आणि पाऊल टाकायचं थांबली. गच्ची नव्हतीच. आभाळ होतं. कठड्यापासून कठड्यापर्यंत आभाळ पसरलेलं, त्यात एक ढग सावकाश सरकत टाकीच्या बुडाशी चालला होता. इतकी वर्षं असं पाणी भरलं होतं तिनं, शेकडो गच्च्यांवर. पण दरवेळी साहेब पुढं असायचे, त्यांच्या पायानं पाणी हलायचं, आणि तिला दिसायचं ते त्यांचं धोतरासारखं गुडघ्यापर्यंत दुमडलेलं पँटचं टोक. न हललेलं पाणी तिनं पाहिलंच नव्हतं. चपला काढून ती आत उतरली तेव्हा आभाळाला सुरकुती पडली आणि ती कठड्यापर्यंत जाऊन परत आली. एक कावळा टाकीवरून उतरला, काठावर बसून त्यानं एक घोट घेतला, मान वर करून गिळला, आणि तिच्याकडे असं बघितलं की जणू तळं त्याचंच आणि ती आगंतुक. तिला हात जोडावेसे वाटले. कुणाला ते कळेना, म्हणून तिनं तसेच ओले हात साडीला पुसले. हे मी केलं, असं मनात येत होतं, आणि त्याच्या पाठोपाठ, हे मी केलं?

कारण एक जागा होती. ती जागा आत्ता तिच्या नाकासमोर होती, जावईबापूंच्या पोटाच्या बरोबर वर, गच्चीच्या कोपऱ्यात, जिथं पाइप स्लॅबमध्ये शिरतो. पाणी आत घुसतं ते अशाच जागी. मैदानात कुणी हरवत नाही, माणूस हरवतो ते वळणावर. म्हणून पाइपाच्या तोंडाशी दोन हात लागतात, एक उभा, एक आडवा. त्या दिवशी माणसं लवकर गेली होती आणि तो कोपरा तिनं स्वतः घ्यायचा ठरवला होता. गुडघ्यावर बसून पहिला हात मारला. चांगला बसला. वाळू दिला. मग ती उठून उभी राहिली आणि थांबली. कशासाठी थांबली, ते तिला तेव्हा कळलंच नाही. ऊन होतं, खाली कुणीतरी गालिचा झटकत होतं, आणि ती ब्रश हातात धरून, मान किंचित कलती करून, थांबली होती. ‘हं’ साठी. वर तर कुणीच नव्हतं. वर नुसतं ऊन. ते लक्षात आल्यावर तिला हसू आलं, आणि तेवढ्यात फोन वाजला, नवऱ्याचा, ‘‘साखरेचा डबा कुठं आहे गं?’’ तिनं सांगितलं, डाळींच्या मागं. ‘‘मागं नाही.’’ मग पुढं बघ. ‘‘पुढं तर मी बघतोय.’’ मग फडताळाच्या खालच्या कप्प्यात. सापडला. फोन ठेवला. आणि त्यानंतरचं तिला आठवतं ते थेट डबे उचलून जिना उतरल्यापासून. मध्ये काय? मध्ये दुसरा हात होता की नव्हता? दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्यानं त्यावर सिमेंटचा माल टाकला, पाठोपाठ फरशीचे तुकडे बसले, आणि त्या कोपऱ्याचं तोंड कायमचं बंद झालं.

चार दिवस ती ते आठवायचा प्रयत्न करत होती. भाजी चिरताना, मुलीच्या वेणीचे पेड घालताना, बसच्या खिडकीत. आपला हात पुढं येताना दिसायचा, ब्रश, थराचा राखी रंग, पण तो पहिला की दुसरा? सगळे हात सारखे दिसतात. डब्यात उरलेलं सामान बघितलं, त्यावरूनही काही समजेना. नोकरीत असं कधी झालं नव्हतं. नोकरीत तिच्या आठवणीचा अर्धा भाग साहेबांकडे असायचा. आणि नोकरीतलं काम संपलं की संपायचं, घरी जाऊन पाय धुवायचे. हे कंत्राटाचं काम संपलं की मगच सुरू होत होतं. दहा वर्षांची हमी, तिच्या सहीनं. दहा वर्षं जिथं कुठं ढग येईल तिथं तिनं मान वर करायची. उद्या खालून एक थेंब दिसला तर सेक्रेटरी काही ओरडणार नाहीत. ते सभ्य आहेत. ‘बघतो, कळवतो’ म्हणतील, आवारातल्या बाकीच्या गच्च्या दुसऱ्याला देतील, आणि ती साहेबांच्या मुलासमोर जाऊन उभी राहील. तो पण सभ्य आहे. सगळी सभ्य माणसं खुर्ची पुढं करतील.

तिला वाटलं, डागाची एक कड गडद झाली. पाय पसरलेल्या बाजूची. ती उठून बसली. गडद होती की ढगामुळं उजेड कमी झाला? खिडकीबाहेर पाहिलं, ढग नव्हता. परत पाहिलं, कड होती तशी. डोळे मिटून उघडले की ती दरवेळी वेगळी दिसे. पाणी घाई करत नाही, तिला माहीत होतं. पाणी हुशार नसतं, कपटी तर मुळीच नसतं, लोक उगाच म्हणतात. ते फक्त कंटाळत नाही. कालपासून ते त्या कोपऱ्यात बसून एकच प्रश्न विचारत होतं, जो ती चार दिवस स्वतःला विचारत होती, आणि ती मध्ये जेवली होती, अंथरुणावर पडली होती, हसली होती. ते एकदाही उठलं नव्हतं. एवढ्या सहनशीलतेसमोर माणसाचं काम म्हणजे काय? एक ब्रश, दोन हात. तिला भीती वाटत होती, पण तिच्या तळाशी भीती नव्हती, काहीतरी मोठं होतं, देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो तसलं. आपण एवढ्याशा आणि हे एवढं, आणि हे आपल्या भरवशावर इथं थांबलंय.

दारामागच्या खुंटीवर प्लॅस्टिक होतं. जावईबापूंच्या काळातलं, जाड, घड्यांच्या जागी पिवळं पडलेलं. तिनं ते काढलं. नुसतं रेशमावर टाकायचं. दोन मिनिटांचं काम. शिवणबाई आल्या की सांगायचं, धूळ उडत होती. ती प्लॅस्टिक उलगडत टेबलापाशी आली, आणि रेशमाच्या त्या पांढऱ्या सपाटीवर तिच्या हातांची सावली पडली. सकाळी तळ्यात उतरताना पडली होती तशीच. हे झाकलं की आपणच सही पुसली. तिनं प्लॅस्टिकची घडी घातली आणि परत अडकवलं. पण हात स्वस्थ बसेनात. तिनं उजवा हात लांब केला, टेबलावर, डागाच्या पोटाखाली, तळवा वर करून. पडलाच तर इथं पडेल. वेडेपणा होता, तिला दिसत होतं. तरी ती तशीच उभी राहिली. हाताला मुंग्या आल्या. डावा हात पुढं केला, उजवा खाली घेतला. तळहातावरच्या रेषांत सिमेंटचे बारीक कण बसले होते, कितीही घासलं तरी न जाणारे. लहानपणी तिला ताप आला की आई अशीच कपाळाच्या वर हात धरून बसायची, टेकवायची नाही. का, ते तिला आज कळल्यासारखं झालं. टेकवलं की कळतं, आणि कळायचं नसतं.

‘‘हे काय?’’ दारात शिवणबाई, बोटांत दोऱ्याचं रीळ. ‘‘प्रसाद वाटतायत का वर?’’

तिनं हात मागं घेतला नाही. आता घेऊन काय उपयोग होता! ‘‘बाई, एक सांगू? त्या कोपऱ्यात दोन हात लागतात. मी पहिला मारला. दुसरा मारला की नाही, मला आठवत नाही.’’

शिवणबाईंनी चपला काढल्या, रीळ खिडकीत ठेवलं, आणि तिच्याकडे, मग वर, मग रेशमाकडे पाहिलं. घाईत काहीच नाही. ‘‘आठवत नाही म्हणजे केलं असेल. न केलेलं काम बरोबर लक्षात राहतं. ते झोपू देत नाही.’’

‘‘मला झोप नाही चार दिवस.’’

‘‘मग नसेल केलं,’’ शिवणबाई म्हणाल्या.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि हसू फुटलं, आधी शिवणबाईंना, मग तिला. असं हसू की टेबलाला धरावं लागलं, पण रेशीम आहे म्हणून धरताही येईना. शिवणबाईंनी पदरानं डोळे टिपले. ‘‘अहो, मला तरी कुठं आठवतं, कुठल्या टाक्याला गाठ मारली आणि कुठल्या नाही? गिऱ्हाईक दारातून बाहेर पडलं की मी निम्म्या रात्री मनातल्या मनात शिवण उसवून बघते. सगळ्यांना वाटतं एकटीचं काम म्हणजे मजा. कुणी विचारणारं नाही. अहो, तेच तर! कुणी विचारतच नाही.’’ मग त्या खुंटीकडे वळल्या. ‘‘झाकू या का? खरं सांगा. मला वाईट नाही वाटायचं. कापड मुलीचं आहे, तुमचं-माझं असतं तर गोष्ट वेगळी.’’

प्रश्न साधाच होता. कुणी तिच्यासाठी उत्तर देणार नव्हतं. ती नकळत मान कलती करून थांबली, आणि आपण कशासाठी थांबलोय ते या वेळी तिला लगेच कळलं.

‘‘शिडी आहे?’’ ती म्हणाली.

माळ्याची शिडी निघाली, एक पायरी सैल असलेली. तिनं ती टेबलाला खेटून उभी केली. शिवणबाईंनी आधी रेशमाच्या कडेच्या टाचण्या भराभर काढून तोंडात धरल्या, काही सांडायला नको म्हणून, आणि मग दोन्ही हातांनी शिडी पकडली. ती चढली. सैल पायरी करकरली. छत जवळ येत गेलं तसं ते छत राहिलं नाही. चुन्याचे पापुद्रे, ब्रशाचे जुने फराटे, एक मेलेला किडा, आणि जावईबापूंची कड, जवळून बघितली तर नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी. तिनं अंगठा साडीला पुसला. मग तो टेकवला, डागाच्या पोटात, जरा दाबला, आणि डोळे मिटले.

गार होतं. एरवी दुपारी छत कोमट असतं, पण आज गार, खोल, माठाच्या अंगासारखं. पलीकडे पाणी होतं. वीतभरावर. त्याचा गारवा दगडातून, सळ्यांतून, पहिल्या हातातून आणि असलाच तर दुसऱ्या हातातून तिच्या अंगठ्यापर्यंत आला होता, पण ते स्वतः आलं नव्हतं. तिला वाटलं, ते तिथं थांबलंय तसंच तिच्याकडे कान लावून आहे. सगळं आभाळ, टाकीच्या बुडाशी सरकणारा ढग, कावळ्याचा घोट, खालच्या घरांतल्या कुकरच्या शिट्ट्या, सगळं या अंगठ्याच्या दोन बाजूंना होतं, आणि मध्ये एवढीशी जागा होती जी तिनं केली होती. आठवलं मात्र काहीच नाही. आठवणार नव्हतं. दुसरा हात होता की नव्हता हे तिला यापुढं कधीच कळणार नव्हतं, आणि दहा वर्षं तिनं त्याच्याखाली राहायचं होतं. अंगठा काढून तिनं ओठांना लावला, साहेब लावायचे तसा. कोरडा. तरी अजून एकदा टेकवला.

‘‘उद्या नाही सोडणार मी पाणी,’’ ती डोळे न उघडता म्हणाली. ‘‘सेक्रेटरींना सांगते. त्यांचा एक दिवस ठरलाय, पण अजून आठवडाभर ठेवणार. मला बघायचंय.’’ हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, कुठल्या करारात नव्हतं. बोलून झाल्यावर तिलाच नवल वाटलं, की हे असं ठरवता येतं.

खालून काही शब्द येईना. शिवणबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी मान वर केली असावी, कारण शिडी किंचित हलली, आणि मिटल्या ओठांमधून, टाचण्या सांभाळत, एवढंच वर आलं:

‘‘हं?’’

तिचा अंगठा छतावर होता. खोलीत रेशमाचा उजेड होता. ती क्षणभर थांबली, पण कुणाची वाट बघत नव्हती.

‘‘हं,’’ ती म्हणाली.

शिडीवरचे हात सुटले. खाली टाचण्या बशीत पडल्याचा बारीक आवाज झाला, मग खिडकीतून कात्री उचलल्याचा. ती तशीच उभी राहिली, तळ्याला अंगठा लावून. आणि मग डोक्यावर एवढं सगळं पाणी तोलून धरलेल्या त्या शांततेत, रेशमात कात्री शिरल्याचा आवाज आला, एका लांब, न थांबणाऱ्या श्वासासारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.